रविवारी बघतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मुळशी तालुक्यातल्या भुकूम गावात, पौड रस्ता सोडून आत वळलं की बापूसाहेबांचं दुमजली घर लागतं. त्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. सध्या माझी तब्येत उत्तम आहे. बटण दाबून तुम्ही खुर्ची पुढे ओढेपर्यंत माझा पडदा उजळलेला असतो. तरी माझ्यासमोर कोणी बसत नाही. असं का झालं ते तुम्हाला सांगतो. गोष्ट कडू आहे, पण औषधही कडूच असतं म्हणतात.

मी कुठल्या कारखान्यात एकसंध जन्माला आलो नाही. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका अरुंद दुकानात एका माणसाने डबा, पंखा, डिस्क असे निरनिराळ्या घरचे भाग एकत्र आणले आणि स्क्रू आवळून मला उभं केलं. बापूसाहेब सबंध वेळ शेजारी उभे होते. बाजारात बैल पारखावा तसे ते एकेक भाग निरखत होते.

‘ह्यो किती वर्सं चालंल?’ त्यांनी विचारलं.

‘निगा राखली तर पुष्कळ,’ दुकानदार म्हणाला.

बापूसाहेबांनी ते शब्द मनावर घेतले. जीपमधून येताना पडद्याचा खोका त्यांनी मांडीवर धरला होता. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, नंदाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, पुढे नारळ फोडला. त्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा किशोर बारावीत होता. मला आणलं होतं ते त्याच्यासाठी. खोलीत चपला घालून यायची कुणाला परवानगी नव्हती. नंदाबाईंनी जुन्या पोपटी साडीतून माझ्यासाठी झाकण शिवलं. पाहुण्यांची पोरं माझ्याकडे धावली की बापूसाहेब आडवे येत. ‘लांबून बघा. किशोरच्या शिक्षणाचा हाय त्यो.’

किशोर हुशार होता. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्याने माझ्यावर काढली. त्याचे पहिले चुकलेले प्रोग्राम मी पाहिले आणि पहिला बरोबर चाललेलाही पाहिला. त्याला नोकरी लागल्याचा निरोप माझ्याच पडद्यावर आला. बापूसाहेबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी शेजारच्या दोन घरांतली माणसं बोलावून तो निरोप दाखवला. पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि दुसरा माझ्या डब्यावर. मित्रांनो, त्या दिवसाइतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. किशोरला कंपनीने लॅपटॉप दिला. त्याचं लग्न झालं, हिंजवडीकडे त्याने फ्लॅट घेतला, ऋतिका नावाची मुलगी झाली. लवळे-नांद्यावरून गाडी घातली तर भुकूमहून त्याचं घर तासाच्या आत येतं. हे अंतर लक्षात ठेवा.

इकडे बापूसाहेबांनी भाताची एक पट्टी तेवढी राखली आणि वरच्या मजल्यावर खोल्या काढून कंपनीत काम करणाऱ्यांना भाड्याने दिल्या. साठी उलटली तसा त्यांचा उजवा हात कापू लागला. गोळ्यांनी कंप कमी झाला, पण गेला नाही. फोनवर एक आकडा दाबायला जावं तर शेजारचा दाबला जाई. म्हणून किशोरने एका दुपारी माझ्यावर छोटा कॅमेरा बसवला आणि व्हिडिओवर बोलायचं कसं ते वडिलांना शिकवलं.

‘बापू, दोनदा दाबायचं. पटपट. तीनदा नाही.’

‘दोनदाच दाबलं की रं.’

‘तीनदा दाबलं. जाऊ दे, मी करून देतो.’

त्याच्या हाताला घाई होती, बापूसाहेबांच्या हाताला कंप होता. तरी किशोर गेल्यावर बापूसाहेब रोज दुपारी बसून सराव करत. उजवा हात डाव्या हाताने धरून ते माझ्या माऊसवर बोट टेकवत. पंधरवड्यात त्यांना जमलं.

मग सुरू झाले रविवार. सकाळी दहाच्या सुमारास बापूसाहेब धुतलेला सदरा घालून माझ्यासमोर बसत. ऋतिका पडद्यावर येई. ती पडलेला दात दाखवी, शाळेत काढलेलं चित्र कॅमेऱ्याला इतकं जवळ धरी की नुसता रंग दिसे. ‘आजोबा, काळी मांजर कुठंय?’ असं विचारी. बापूसाहेब मांजर शोधायला परसात जात, ती बोचकारत असली तरी उचलून आणत आणि कॅमेऱ्यासमोर धरत. नंदाबाई मागे उभ्या राहून हसत. तो काळ बरा होता.

आणि मग मी मंदावलो.

मित्रांनो, लोक म्हणतात यंत्र म्हातारं झालं. वय झालं होतंच, नाही म्हणत नाही. पण मला खरं दमवलं ते ओझ्याने. किशोरचे कॉलेजातले सिनेमे, खेळ, न वापरलेले प्रोग्राम सगळे माझ्या पोटात तसेच होते. ते काढायला तो परत आलाच नाही. बटण दाबलं की डझनभर प्रोग्राम एकदम जागे होत आणि मला आपापल्या कामाला जुंपू पाहत. पौड रस्ता रुंद करताना उडालेली धूळ पंख्यात जाऊन घोंगडीसारखी जाड बसली होती. पंखा घरघरे, मी तापे, आणि तापलं की मी आणखी हळू होई.

रविवारी ऋतिकाचा आवाज येई, पण तिचं चित्र थबकलेलं. तिकडे तिला बापूसाहेब तोंड उघडं ठेवून गोठलेले दिसत.

‘बाबा, आजोबा परत अडकले,’ ती म्हणे.

पहिल्यांदा तिला त्याचं हसू आलं. मग कंटाळा आला. बापूसाहेब मला बंद करून पुन्हा चालू करत, मी उठायला वेळ लावी, आणि मी उठेपर्यंत ती खेळायला गेलेली असे. किशोर म्हणे, ‘नंतर करू, बापू.’ हळूहळू रविवार चुकू लागले.

बापूसाहेबांनी मुलाला फोन केला. ‘किशोर, कंप्युटर लई हळू चालतुया. येऊन जरा बघ की.’

‘रविवारी बघतो.’

रविवार आला, किशोर आला नाही. बापूसाहेबांनी पुन्हा फोन केला. ‘या आठवड्यात ऑफिसात रिलीज आहे, बापू. पुढच्या रविवारी बघतो.’ त्यानंतर कधी मीटिंग निघाली, कधी ऋतिकाच्या मैत्रिणीचा वाढदिवस निघाला. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो सहकुटुंब आला खरा, पण गाडीची किल्ली त्याच्या हातातच होती. नंदाबाईंनी आठवण केली तेव्हा त्याने माझ्या डब्यावर थाप मारली.

‘भंगार झालंय, आई. फेकून द्या. फोन दिलाय ना चांगला?’

‘फोन मला जमत न्हाई,’ बापूसाहेब म्हणाले.

‘सवय करा मग.’

ज्या डब्यावर पेढा ठेवला होता त्याच डब्यावर ती थाप बसली. मला त्याचं फार नाही. बापूसाहेब मात्र खिडकीबाहेर बघत राहिले.

वरच्या खोलीत निषाद नावाचा भाडेकरू होता, नागपूरकडचा. पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला तो एकदा खाली आला तेव्हा बापूसाहेब माझ्यासमोर ताटकळत बसले होते. निषादने माझी घरघर ऐकली आणि पाच मिनिटं बघितलं.

‘बापू, हा अजून बरीच वर्षं चालेल. आधी फोटोबिटो दुसरीकडे उतरवून ठेवू. मग धूळ काढायची, नको ते प्रोग्राम काढायचे, आणि आतली जुनी डिस्क बदलायची. मी शनिवारी करून देऊ का?’

माझ्या पंख्याला त्या वेळी किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण बापूसाहेब ताठ झाले.

‘नको. माझा पोरगा कंप्युटरचा इंजिनिअर हाय. त्यो करंल.’

निषादने आग्रह केला नाही. जाताना एवढंच म्हणाला, ‘पण एक करा. पडद्यावर आपोआप काही आलं, वेग वाढवून देतो, व्हायरस आहे, असलं काही, तर त्याला हात लावू नका. नुसतं बंद करून टाका.’

बापूसाहेबांनी मान हलवली. त्यांनी ते ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. भाडेकरूपुढे मुलाची बाजू सांभाळण्यात त्यांचं सगळं लक्ष गेलं होतं.

थंडीतली एक दुपार होती. नंदाबाई आत तांदूळ निवडत होत्या. बापूसाहेब भजनाचा व्हिडिओ शोधत असताना माझ्या पडद्यावर एक लाल चौकट उघडली आणि मोठ्याने टीं टीं वाजू लागली. तुमचा संगणक धोकादायकरीत्या मंद झाला आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. खाली मदतीचा फोन नंबर होता. मित्रांनो, ते खोटं होतं. ती चौकट माझी नव्हती, बाहेरून आलेली होती. पण ती माझ्याच पडद्यावर होती, आणि बापूसाहेबांना ती माझीच हाक वाटली.

त्यांनी फोनवर नंबर दाबला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

‘नमस्कार काका,’ पलीकडून एक तरुण आवाज आला. स्वच्छ, गोड मराठी. ‘बोला, काय त्रास होतोय?’

‘आमचा कंप्युटर लई हळू चालतुया.’

‘किती वर्षांचा आहे?’

‘पोराच्या बारावीला घेतला व्हता.’

‘अरे वा. मुलगा काय करतो आता?’

बापूसाहेबांनी सांगितलं. तपकीर गल्लीपासून हिंजवडीपर्यंत सगळं सांगितलं. ऋतिकाचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. पलीकडच्या माणसाने एकदाही मध्ये तोडलं नाही. हं काका, बरं काका, करत तो ऐकत राहिला. मग त्याने एक अक्षर एक अक्षर सांगत बापूसाहेबांकडून काहीतरी टाईप करून घेतलं. हात कापत होता. अक्षरं चुकत होती.

‘घाई नाही, काका. चुकलं तर परत करू. माझ्या वडिलांचाही हात असाच हलतो.’

‘व्हय का? त्यास्नी गोळ्या चालू हायेत का?’ बापूसाहेबांनी कळवळून विचारलं.

‘आहेत ना. तुमच्याही आहेत? वेळेवर घ्या हं.’

बापूसाहेब हसले. कित्येक महिन्यांत या टेबलाशी मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटचं अक्षर टाईप झालं आणि माझा बाण आपोआप हलू लागला. बापूसाहेबांचा हात मांडीवर होता, पण माझ्या आत दुसऱ्याचा हात शिरला होता. तो कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते चाचपत होता. आज्ञा आली की पाळायची, एवढंच मला येतं. ओरडायला मला तोंड नाही.

‘फी फक्त दहा रुपये आहे, काका. बँकेचं पान उघडता येतं ना? तेवढे पाठवा, मग मी काम सुरू करतो.’

भाडं जमा होतं का ते बघायला किशोरनेच बँकेचं पान शिकवलं होतं. बापूसाहेबांनी ते उघडलं. फोनवर बँकेकडून आलेला ओटीपीचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

‘छान. आता पडदा काळा होईल. आत साफसफाई चालू असेल, हात लावू नका. तोवर मस्त चहा घ्या. मी फोनवर आहेच.’

‘नंदे, च्या टाक,’ बापूसाहेबांनी आत हाक दिली. ‘काम झालं आपलं. आता रविवारी पोरगी अडकायची न्हाई.’

त्या काळ्या पडद्यामागे काय चाललं होतं ते मी बघत होतो. भाड्यातून साठवलेले पैसे त्या खात्यात होते. नंदाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, त्यासाठी ठेवलेले. ते एकामागून एक निघून चालले होते, आणि बापूसाहेब बशीत चहा ओतून त्या माणसाला भुकमातल्या थंडीबद्दल सांगत होते. दर थोड्या वेळाने तो म्हणे, ‘काका, अजून एक आकडा आला असेल, तेवढा वाचा.’ बापूसाहेब वाचत.

निषाद दुपारच्या पाळीला निघाला होता. दारावरून जाताना त्याने काळा पडदा पाहिला, आकडा वाचणारा आवाज ऐकला आणि तो चपलांसकट खोलीत आला.

‘बापू, कुणाशी बोलताय? फोन ठेवा.’

‘अरं, मानूस बोलतुया. असा मधीच कसा ठिऊ?’

निषादने भिंतीतली माझी पिन उपसली. मी गपकन विझलो. म्हणून पुढचा थोडा भाग मला नंतर कानावर आलेल्या बोलण्यातून कळला. त्याने लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या एकोणीसशे तीस नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली, बँकेला कळवून खातं गोठवलं. त्यामुळे थोडे पैसे वाचले. बाकीचे गेले ते गेलेच.

मग त्याने किशोरला फोन केला. आणि मित्रांनो, किशोर तासाच्या आत दारात हजर होता. कामाच्या दिवशी, भर दुपारी.

‘बापू, कुणी सांगितलं होतं हे करायला?’ तो उभ्या उभ्याच म्हणाला. ‘एवढं पेपरात येतं, व्हॉट्सॲपवर येतं. अनोळखी माणसाला आकडे वाचून दाखवलेत? मला विचारायचं ना आधी.’

बापूसाहेब खाली बघत होते. स्वयंपाकघराच्या दारातून नंदाबाई बोलल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

‘इचारलं व्हतं. किती येळा इचारलं ते तुज्या फोनलाच इचार.’

किशोरने हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग बापूसाहेब बोलले.

‘त्यो मला म्हनला, घाई न्हाई, काका.’

एवढंच.

दुसऱ्या दिवशी किशोर रजा घेऊन परत आला. लाजेने आला की रागाने, ते त्यालाच माहीत. येताना नवी डिस्क आणि मेमरीची पट्टी घेऊन आला होता. त्याने जुन्या डिस्कवरचे फोटो तेवढे आधी बाहेर उतरवून घेतले. मग माझं झाकण उघडलं आणि अंगणात नेऊन मऊ ब्रशने धूळ झाडली. धुळीचा थर इतका जाड निघाला की तो स्वतःच थबकला. नवी डिस्क बसवली, तिच्यावर सगळं कोरं करकरीत घातलं, आपोआप जागे होणारे प्रोग्राम बंद केले, सगळे पासवर्ड बदलले. हात सराईत होते. नंदाबाईंचा भात शिजून पिठलं व्हायच्या आत मी पुन्हा टेबलावर होतो आणि चुटकीसरशी सुरू झालो होतो.

बापूसाहेब सगळा वेळ दारात उभे होते.

‘झालं?’ त्यांनी विचारलं.

‘झालं.’

‘एवढंच व्हतं?’

किशोर माझ्या वायरी गुंडाळत होता. ‘हो,’ तो म्हणाला.

‘एवढंच,’ बापूसाहेब स्वतःशी म्हणाले आणि पायात चपला घालून शेताकडे निघून गेले. त्या दिवशी किशोर एकटाच जेवला. नंदाबाईंनी वाढलं, पण त्या त्याच्याजवळ बसल्या नाहीत.

आता बँकेचं खातं किशोरच्या फोनवरून चालतं. भाडं थेट तिकडे दिसतं. बापूसाहेबांना काही लागलं तर ते मुलाला सांगतात, आणि सांगायला नको म्हणून फारसं लागूही देत नाहीत. नंदाबाईंच्या गुडघ्यांचं ‘मार्चनंतर बघू’ असं ठरलं आहे. त्या जिना चढताना भिंतीला धरून एकेक पायरी आडव्या चढतात. निषादने दुसरीकडे खोली घेतली. जाताना तो पाया पडला तेव्हा बापूसाहेब त्याला एवढंच म्हणाले, ‘तुला त्या शनवारी नको म्हनलो, ते चुकलं.’

रविवारी मी आपोआप सुरू व्हावं अशी सोय किशोरने केली आहे, आणि ऋतिकाची घंटी माझ्यातून खणखणीत वाजते. कुणी उचलली तर चित्र लख्ख येईल, एकदाही थबकणार नाही. बापूसाहेब त्या वेळी परसात असतात. नंदाबाईंना घंटी उचलायचं बटण ठाऊक नाही. घंटी वाजून वाजून थांबते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याच्या डब्यावर नुसती थाप मारू नका. त्याची धूळ काढा, आधी फोटो जपून ठेवा, त्याच्या पोटातलं नको ते ओझं उतरवा. पडद्यावर आपोआप उगवलेल्या चौकटीला कधी हात लावू नका, तिने कितीही गोड सांगितलं तरी. हे सगळं एका सकाळचं काम आहे. आणि त्या यंत्रासमोर कापऱ्या हाताने कुणी बसत असेल तर ती सकाळ आजच काढा. तुम्ही नाही बसलात त्याच्याशेजारी, तर दुसरं कुणीतरी बसायला तयारच असतं.

काल दुपारी बापूसाहेबांचा फोन वाजला. ते खिडकीशी, माझ्या शेजारीच बसले होते. पलीकडे एक मुलगी होती. काका, कर्ज हवंय का, असं काहीसं ती विचारत होती.

‘कर्ज नको, पोरी,’ बापूसाहेब म्हणाले. मग फोन ठेवायचा सोडून त्यांनी तो कानाशी आणखी घट्ट धरला. ‘तू कुठली? जेवलीस का?’

आतून नंदाबाईंनी हाक मारली, ‘आवो, कोन हाय?’

बापूसाहेबांनी हाताने त्यांना थांबायची खूण केली.